लाईट गेल्यानंतरचे अठरा सेकंद

आमणापूर, बुर्ली, नागठाणे, अंकलखोप, भिलवडी. पलूस तालुक्यातल्या या कृष्णाकाठच्या कोणत्याही गावात नदीवरच्या मोटारींचा आवाज एकदम थांबला की लाईट गेली हे वेगळं सांगावं लागत नाही. फिडर एक, त्यामुळे सगळ्या मोटारी एकाच क्षणी बंद पडतात. मोटार थांबते, पण पाईपातलं पाणी त्या क्षणी थांबत नाही. तीन किलोमीटर लांबीच्या आठ इंची लाईनमध्ये सुमारे ९४ टन पाणी असतं आणि ते सेकंदाला दीड मीटर वेगाने उसाच्या नाहीतर द्राक्षाच्या रानाकडे निघालेलं असतं. मागून रेटणारा पंप अचानक नाहीसा झाल्यावर या वजनाचं काय होतं, त्यावर लाईनचं आयुष्य ठरतं. लाईन फुटली की पाईप हलका निघाला म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो. बहुतेक वेळा लाईन चालवताना लागणाऱ्या दाबाचा हिशेब झालेला असतो, थांबतानाच्या दाबाचा मात्र कुणीच केलेला नसतो.

अभियंते या प्रकाराला वॉटर हॅमर म्हणतात. किर्लोस्करवाडी स्टेशनात मालगाडी थांबताना पाहिली असेल, तर तो समजायला अवघड नाही. इंजिन थांबलं तरी सगळे डबे एकाच वेळी थांबत नाहीत. धक्का एका डब्यातून पुढच्या डब्यात सरकत जातो. पाण्यातला धक्काही असाच लाटेने पुढे जातो, आणि त्या लाटेचा वेग पाईपच्या भिंतीवर अवलंबून असतो. पोलादी पाईप ताठ, त्यात ही लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास धावते. पीव्हीसीची भिंत दाबाखाली किंचित फुगते आणि आकसते, त्यामुळे ‘सहा केजी’च्या, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब सोसणाऱ्या पाईपात तोच वेग ३४० मीटरच्या घरात येतो. तीन किलोमीटर वर जाऊन परत यायला लाटेला जवळजवळ अठरा सेकंद लागतात.

धक्का किती मोठा, याचं गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर १८९७-९८मध्ये प्रयोग करून पक्कं केलं. विमानशास्त्रातही ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं, तेच हे झुकोव्हस्की. लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगात पडलेला फरक, भागिले गुरुत्व त्वरण ९.८१. आपल्या लाईनला हे लावलं तर ३४० गुणिले दीड भागिले ९.८१, म्हणजे ५२ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब. दहा मीटरला एक किलो धरलं तर पाच किलोंच्या वर.

लाईट गेल्यावर लाईनमधला दाब आधी कमी होतो. पंपापाशी तो एकदम उतरतो आणि ती उतरती लाट वर चढत जाते. वाटेत लाईन उंचवट्यावरून गेली असेल, तर तिथे निर्वात पोकळी होते आणि पाणी तुटतं. मग वरचं पाणी उलटं फिरून खाली येतं, बंद झालेल्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतं आणि दाब तितकाच वर उसळतो. आपल्या लाईनची चढाई तीस मीटर धरू. त्यावर ५२ मीटरचा धक्का, म्हणजे ८२ मीटर. आठ किलोंचा दाब सहा केजीच्या पाईपात. घर्षणामुळे हा आकडा खाली येतो, पण तुटलेलं पाणी पुन्हा एकमेकांवर आदळलं तर तो वरही जातो. अशा दाबाला नव्वद अंशांच्या बेंडवर साडेतीन टनांचा रेटा बसतो. बेंडमागे काँक्रीटचा ठोकळा नसेल तर बेंड सरकतो, जोड निसटतो आणि चर खणणारा पुन्हा बोलवावा लागतो.

पोकळीही तितकीच घातक आहे. ‘चार केजी’चा पाईप व्यासाच्या मानाने इतका पातळ असतो की आत पूर्ण निर्वात झाली आणि बाहेरून मातीचा आधार नसला, तर हवेच्या दाबानेच तो चपटा होऊ शकतो. भिंतीची जाडी दुप्पट केली की ही ताकद आठपट होते. जपानमधल्या ओइगावा जलविद्युत केंद्रात १९५०मध्ये झडप एकदम बंद झाल्याने मोठी पोलादी नळी फुटली, आणि पाणी वेगाने बाहेर पडल्याने तिचा वरचा भाग आत दबून चपटा झाला. तीन कामगार दगावले. फुटणं आणि चेपणं हे एकाच धक्क्याचे दोन परिणाम आहेत, हे त्या अपघाताने जगाला दाखवलं.

कृष्णाकाठची काळी माती यात आणखी भर घालते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाईपाला वर-खाली ढकलते. पाईप वाळूच्या थरावर बसवला नसेल तर एकाच जोडावर सगळा ताण येतो. उघड्यावर उन्हात तापलेल्या पीव्हीसीचीही ताकद घटते, कारण त्यावर छापलेला दाब २७ अंश तापमानाचा असतो.

पलूस तालुक्याने याबाबत जास्त अपेक्षा ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांच्या मदतीने कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. आधी नांगर आले, मग पंप. पंपाचं ज्ञान इथे शंभर वर्षं मुरलेलं आहे. टेंभू, ताकारीसारख्या सरकारी उपसा योजनांच्या पोलादी नळ्यांसाठी अभियंते धक्क्याचं गणित मांडतात. पण चार भाऊबंदांनी कर्ज काढून टाकलेल्या लाईनला ते गणित कुणी देत नाही, आणि पाईपाचं वय मात्र तेच ठरवतं.

लाईन या धक्क्यापासून वाचवण्याच्या काही गोष्टी तर अगदी स्वस्त आहेत. लाईनच्या प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह हवा. वरच्या टोकाची चावी सावकाश फिरवावी, लाट जाऊन परत येईल त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन. ऑटो स्टार्टरला काही मिनिटांचा टायमर लावावा. लाईट येते-जाते तेव्हा मोटार लगेच उठली, तर अर्धवट रिकाम्या लाईनमध्ये पाणी सुसाट शिरतं, अडकलेली हवा झटक्यात निघून जाते आणि मागून येणारं पाणी थडकतं. अशा येण्याजाण्याचे हजारो धक्के पाईपला आतून थकवतात. म्हणूनच कधीकधी एखादा जोड कसलंही कारण नसताना शांत दिवशी उलतो.

थोडा खर्च पेलत असेल तर पाईप घेतानाच विचार करावा. तितकंच पाणी आठऐवजी दहा इंची पाईपातून नेलं, तर वेग सेकंदाला दीड मीटरवरून एक मीटरच्या खाली येतो आणि धक्का ५२ मीटरवरून ३३वर. घर्षणात जाणारी उंची २७ मीटरवरून नऊवर येते. म्हणजे पंपाला ५७ मीटरऐवजी ३९ मीटर ढकलावं लागतं, आणि विजेचा वापरही जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. पंपही मग त्याच हिशेबाने निवडावा. दुकानात केजी विचारतोच आपण. लाईनची लांबी, चढाई, सेकंदाला हवं असलेलं पाणी आणि वाटेतले उंचवटे एवढं कागदावर मांडून नेलं, तर इंच किती हवेत तेही ठरवता येतं.