वादळाची वर्दी आणि वाडीची हानी

कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याची नोकरी ठरलेली असते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा येतो आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा जातो. या दोघांच्या येण्याजाण्यावर कोळ्याची होडी चालते, वाडीतले श्रम हलके होतात आणि पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यांना वेळेचा अदमास लागतो. पण वाऱ्याचे एक तिसरे रूप आहे. त्याला वेळ नाही, वेळापत्रक नाही, आणि ते आले म्हणजे दोन पिढ्यांची कमाई दोन प्रहरांत आडवी करून जाते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने या वाऱ्याला ‘सायक्लोन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा रोख सापाच्या वेटोळ्याकडे आहे. आपण त्यास चक्रीवादळ म्हणतो. हे वेटोळे कसे फिरते, ते कोठे डसते, आणि त्याची आगाऊ वर्दी मिळाली असता तिचा उपयोग कसा करावा, हे समजून घेण्यास ‘निसर्ग’ वादळाचे उदाहरण फार बोलके आहे.

सन २०२०च्या मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्राच्या आग्नेय भागात, लक्षद्वीपच्या आसपास, हवेचा दाब उतरू लागला. १ जूनला त्या कमी दाबाच्या पट्ट्याचे तीव्र रूप झाले. २ जूनला दुपारी त्यास वादळ ही संज्ञा मिळून ‘निसर्ग’ हे नाव पडले. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्या भोवतालच्या तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावे देऊन जी नवी यादी सिद्ध केली, तिच्यातील हे पहिलेच नाव. ३ जूनला, म्हणजे वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, दुपारच्या सुमारास ते रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. जून महिन्यात अरबी समुद्रातले वादळ महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर चढून यावे, ही गोष्ट विरळ होय. एरव्ही अशी वादळे गुजरातकडे किंवा ओमानकडे वळतात.

वर्दीमध्ये आणि वर्तमानपत्रांत नाव गाजले ते अलिबागचे. अधिक घाव सोसला तो मात्र त्याच्या दक्षिणेकडच्या मुलखाने. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड. आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली हे तालुके. श्रीवर्धनची रोठा सुपारी शहरातील घरोघरच्या पानदानातून परिचित आहे. तिची झाडे म्हणजे बारीक, सरळ, चाळीस-पन्नास फूट उंच गेलेले खांबच. ती एका रांगेत उभी असतात, त्यांच्या आधाराने मिऱ्याचे वेल चढतात, आणि सावलीत जायफळ व केळी वाढतात. वाऱ्याने ती काही ठिकाणी मुळांसकट उपटली, तर काही ठिकाणी मधोमध मोडली. एक झाड पडताना शेजारच्या दोघांना घेऊन पडले. नारळ, आंबा, फणस, कोकम यांचीही तीच गत झाली. घरांवरील पत्रे उडाले, कौले विखुरली. मृग नक्षत्र चार दिवसांवर आले होते. आगोटीची बेगमी म्हणून भरून ठेवलेले तांदूळ, सुकी मासळी, सरपण, सारे उघड्यावर भिजले. टाळेबंदीचा काळ असल्याने गवंडी, सुतार, पत्रे, ताडपत्र्या, काहीच लवकर हाती लागेना.

वाऱ्यास एवढे बळ येते कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर एका साध्या नियमात आहे. वाऱ्याचा दाब हा वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पावसाळी झडीत ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर भिंतीवर जो रेटा बसेल, त्याच्या तिप्पट नव्हे, नऊपट रेटा ताशी १२० किलोमीटरांच्या वाऱ्यात बसतो. शिवाय छपरावर वारा केवळ दाबत नाही. उतरत्या पाख्यावरून तो वेगाने सरकतो तेव्हा वरच्या बाजूचा दाब कमी होतो, आणि पडवीतून किंवा उघड्या खिडकीतून आत शिरलेली हवा छप्पर खालून उचलू पाहते. याचमुळे पत्रे आत कोसळत नाहीत, उडून जातात. पत्र्याचे वजन पुरेसे आहे ही समजूत म्हणून फसवी ठरते. त्यास खाली ओढून धरणारी पक्की बांधणी असावी लागते.

आता अलिबागचे नाव आणि श्रीवर्धन-दापोलीचा नाश, हे कोडे उलगडू. आपल्या गोलार्धातील चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, आणि फिरता फिरता पुढेही सरकते. ‘निसर्ग’ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे येत होते. वादळाच्या पाठीमागे उभे राहून त्याच्या वाटेकडे तोंड केले, असे कल्पावे. उजव्या हाताला वाऱ्याचे फिरणे आणि वादळाचे सरकणे एकाच दिशेने होते. दोहोंचे वेग एकमेकांत मिळतात. डाव्या हाताला ते परस्परविरोधी असतात, म्हणून तेथील वारा तुलनेने मवाळ राहतो. कोकणच्या किनाऱ्यापुरते सांगायचे, तर केंद्राच्या दक्षिणेस वारा समुद्रावरून जमिनीवर आदळतो आणि पाणीही तटावर लोटतो. उत्तरेस तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. मुंबई या वादळाच्या डाव्या हाताला, उत्तरेकडे होती. श्रीवर्धन व दापोली उजव्या हाताला पडली.

वादळाची आगाऊ सूचना देण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या वादळात सुमारे ६०,००० माणसे मेली. त्या धक्क्याने जागे होऊन पुढल्याच वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदरास वादळाची सूचना देण्याची व्यवस्था झाली. भारताचे हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले; म्हणजे वर्दी आधी जन्मली आणि खाते मागून. बंदरावर चढणारे बावटे हे त्याच परंपरेतले. दिवसा शंकू व नळकांड्याच्या आकृती, रात्री तांबडे व पांढरे दिवे. एकंदर अकरा खुणा आहेत. पहिल्या दोन दूरच्या समुद्रातील बिघाड दाखवितात. तिसरी व चौथी बंदरास सावध करते. पाच ते सात या धोक्याच्या, आठ ते दहा या महाधोक्याच्या. धोका सांगणाऱ्या खुणांमध्ये वादळ बंदराच्या कोणत्या अंगाने जाणार, की थेट बंदरावरूनच, हाही भेद दाखविलेला असतो. डाव्या-उजव्या हाताचे महत्त्व जुन्या दर्यावर्दींनी किती अचूक ओळखले होते, हे यावरून दिसते. अकरावी खूण विलक्षण आहे. हवामान कचेरीशी असलेला संबंधच तुटला आहे, एवढेच ती सांगते.

उपग्रह आणि रडार यांच्या साहाय्याने आज ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. वादळाचा संभव दिसताच साधारण ७२ तास आधी पहिली सूचना निघते. ४८ तास आधी सावधगिरीची, २४ तास आधी इशाऱ्याची, आणि १२ तास आधी वादळ जमिनीवर चढल्यानंतर काय होईल याची. सामान्य जनांसाठी रंगांची भाषा आहे. हिरवा म्हणजे चिंता नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. तांबडा म्हणजे आता हालचाल करा. तांबड्या रंगाचा अर्थ ‘आता घाबरा’ असा पुष्कळ लोक करतात, तो बरोबर नाही. घाबरण्याचे काम कोणत्याच रंगात सांगितलेले नाही.

‘निसर्ग’ वादळात ही वर्दी निश्चितपणे फळास आली. समुद्रातील होड्यांना परत बोलाविण्यात आले. किनाऱ्यालगतच्या कच्च्या घरांतील हजारो माणसे शाळांत व पक्क्या इमारतींत हलविली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आधीच येऊन थांबल्या. एवढ्या मोठ्या पडझडीत मनुष्यहानी बोटांवर मोजण्याइतकी झाली, याचे श्रेय बव्हंशी या तयारीला आहे. पूर्व किनाऱ्यावर याचा आणखी मोठा दाखला सापडतो. ओडिशात १९९९च्या महावादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे तसेच प्रचंड वादळ त्याच प्रांतावर आले, तेव्हा लाखो लोकांना अगोदर हलविल्यामुळे बळींची संख्या काही दहांवर राहिली. मधल्या चौदा वर्षांत वारा सौम्य झाला नव्हता. माणसे शहाणी झाली होती.

परंतु माणसाला हलविता येते, पोफळीला येत नाही. ७२ तास काय, ७२ दिवस आधी सांगितले तरी वाडी जागची हलणार नाही. सुपारीचे रोप फळ धरण्यास पाच-सहा वर्षे घेते, आणि भर उत्पन्नास आणखी काही. ज्याचे वय साठीकडे झुकले आहे, त्याने नवे रोप लावावे ते नातवाच्या नावाने. पुन्हा नुकसानभरपाईचा हिशेब प्रथम हेक्टरावर मांडला गेला. कोकणातली वाडी असते काही गुंठ्यांची. पण तेवढ्यात शेकडो झाडे दाटीने उभी असतात. क्षेत्राच्या मापाने त्या दाटीचे मोल होत नाही. लोकांनी हे गाऱ्हाणे मांडल्यावर सरकारने सुपारी व नारळ यांची भरपाई झाडागणिक देण्याचे ठरविले. नुकसान मोजण्याचे मापदेखील त्या त्या मुलखाच्या शेतीकडे पाहून ठरवावे लागते, हा यातला धडा.

दुसरा धडा शहरवासीयांसाठी आहे. ३ जूनच्या सायंकाळी मुंबईत ‘एवढा गाजावाजा झाला आणि काहीच झाले नाही’ असा सूर ऐकू आला. कुलाब्यापासून अलिबाग सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर आहे, आणि अलिबागपासून श्रीवर्धन सुमारे ७० किलोमीटर. एक दिवस आधी वर्तविलेल्या मार्गात काही दहा किलोमीटरांचा फरक पडणे आजही अपरिहार्य आहे. तो फरक उत्तरेकडे पडता, तर मुंबईच्या चाळी आणि झोपड्या यांवर काय प्रसंग ओढवला असता, याची कल्पना करवत नाही. मुंबई वाचली याचा अर्थ वर्दी खोटी होती, असा नव्हे. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याला समांतर जाऊन गुजरातेत चढले. त्याची सूचना कित्येक दिवस आधी निघाली होती. तरीही मुंबईपासून दूर, तेलविहिरींच्या कामावरील ‘पी-३०५’ हा तराफा समुद्रातच राहिला आणि १७ मे रोजी बुडाला. सत्तरांहून अधिक माणसे प्राणास मुकली. नौदलाने शेकडो जणांना त्या खवळलेल्या पाण्यातून वाचविले म्हणून, नाहीतर आकडा आणखी वाढता. वर्दी कानी येणे आणि वर्दीप्रमाणे वागणे यांत केवढे अंतर आहे, हे या दुर्घटनेने दाखविले.

तिसरी गोष्ट वर्दी पोहोचण्याच्या साधनांची. ‘निसर्ग’ वादळात विजेचे खांब हजारोंनी पडले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणून विहिरीवरचा पंप नाही, आणि पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. फिरते दूरध्वनीही मुके झाले. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना गावच्या आईवडिलांची खुशाली कळेना. बंदरावरची ती अकरावी खूण जणू घराघरावर चढली होती. म्हणून घरात घटावर चालणारा एखादा लहान रेडिओ, विजेरी, आणि दोन दिवसांचे पिण्याचे पाणी असणे, ही जुनाट वाटणारी तजवीज वस्तुतः फार उपयोगी ठरते. गावात दवंडी पिटणारा, शाळेतला मास्तर, मंदिर-मशिदीवरील ध्वनिक्षेपक, यांनाही या कामी जागा आहे.

तेव्हा वर्दी ऐकणाराने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. माझे गाव वादळाच्या वाटेच्या कोणत्या हाताला आहे? माझे छप्पर कशाने बांधलेले आहे? माझ्या शेजारी असे कोण आहे, ज्याच्यापर्यंत ही बातमी पोहोचली नसेल, किंवा पोहोचूनही ज्याला उठून जाता येणार नाही? वारा एकाएकी थांबला, तर लगेच अंगणात धाव घेऊ नये. वादळाच्या मध्यभागी शांत जागा असते, आणि ती ओलांडली की वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. पडलेल्या तारेला हात लावू नये. घराशेजारी वाकलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वीच उतरवाव्यात.

हवामान खात्याचे काम वादळ कोठे व केव्हा येणार हे सांगण्याचे. ते माझ्या अंगणात काय करील, हे उत्तर प्रत्येक घराने आपापले काढावयाचे असते, आणि ते आकाश निरभ्र असतानाच काढून ठेवलेले बरे.