टोपली, चेंडू आणि पगाराचे पाकीट

आपल्याकडे नोकरी करणाऱ्या सुनेचे कौतुक करताना वडीलधारी माणसे म्हणतात, "तिचाही हातभार लागतो हो संसाराला!" म्हणणाऱ्याच्या मनात आकस मुळीच नसतो. पण शब्दातली गंमत पाहा. मुलगा घरी आणतो तो पगार, आणि सून आणते तो हातभार! दोघेही सकाळी एकाच गाडीला लोंबकळत गेलेली असतात. पण त्याच्या पाकिटाचे नाव निराळे, तिच्या पाकिटाचे निराळे.

अमेरिकेतील बायकांच्या बास्केटबॉलची हकीकत वाचताना मला हा 'हातभार' पुन्हा पुन्हा आठवत राहिला. एवढा श्रीमंत देश, पण तेथेही या बाबतीत घरचीच रीत दिसते!

७ एप्रिल २०२४ चा रविवार. क्लीव्हलंड शहरात महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉलचा अखेरचा सामना होता. एका बाजूला साऱ्या हंगामात एकदाही न हरलेला साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा संघ, तर दुसऱ्या बाजूला आयोवा विद्यापीठाचा. आयोवाची केटलिन क्लार्क ही त्या वर्षीचे नवल होती. महाविद्यालयीन सामन्यांत तिने केलेल्या गुणांची बेरीज ३,९५१ वर गेली. मुलांपैकी किंवा मुलींपैकी कोणीही त्या वरच्या दर्जाच्या सामन्यांत एवढी मजल मारलेली नव्हती. त्या दिवशी मात्र आयोवाचा संघ ८७-७५ असा हरला. पण तो सामना दूरचित्रवाणीवर सुमारे एक कोटी एकोणनव्वद लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी मुलांचा अखेरचा सामना झाला. त्याला प्रेक्षक लाभले सुमारे एक कोटी अठ्ठेचाळीस लाख. मुलींच्या सामन्याने मुलांच्या सामन्यावर अशी मात केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

आठच दिवसांनी, १५ एप्रिलला, धंदेवाईक महिला संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली. पहिला मान अर्थातच केटलिनला मिळाला. इंडियाना फीव्हर या संघाने तिला घेतले आणि तिचा पहिल्या वर्षाचा पगार जाहीर झाला : ७६,५३५ डॉलर.

त्या वेळच्या भावाने हे सुमारे चौसष्ट लाख रुपये होतात. आपण म्हणाल, मग काय वाईट आहे? वाईट काहीच नाही. पण त्याच वर्षी पुरुषांच्या संघांनी जो तरुण पहिला निवडला, त्याचा पहिल्या वर्षाचा पगार होता एक कोटी वीस लाख डॉलरांच्याही वर. म्हणजे शंभराहून अधिक पटींनी मोठा! आदल्या आठवड्यात ज्या मुलीने प्रेक्षकांच्या बाबतीत मुलांना मागे टाकले, तिच्या वाट्याला पुन्हा हातभारच आला.

"बायकांचा खेळ बघतो कोण?" हे याचे नेहमीचे उत्तर. ते कितपत खरे आहे, हे पाहायला जरा मागे जावे लागेल.

पुरुषांना प्रवेश नाही

बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरातला. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीच्या दिवसांत मुलांना आत खेळता यावे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीला टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकायचा खेळ काढला. तेथून जवळच नॉर्दॅम्प्टन गावी मुलींचे स्मिथ कॉलेज होते. तेथे व्यायाम शिकवणाऱ्या सेंडा बेरेन्सन या बाईंच्या कानावर हे गेले आणि वर्षभरातच हा खेळ त्यांनी आपल्या मुलींना शिकवला.

२२ मार्च १८९३ रोजी तेथे पहिला सामना झाला. पुरुषांना दार बंद! बाईंनी सुरुवातीचा चेंडू उडवला, तोच एका मुलीच्या वर केलेल्या हाताला धक्का बसून तिचा खांदाच निखळला. तिला बाहेर नेले आणि सामना पुढे चालू झाला. बायका नाजूक असतात म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तरीपण काळ तो होता. मुलींना दम लागू नये आणि झोंबाझोंबी होऊ नये म्हणून बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग केले. जिने तिने आपल्याच भागात राहायचे. दुसरीच्या हातचा चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायचा नाही. आपल्या आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्याने पाटी सोडायची नाही, तशातलाच हा प्रकार. पण एवढ्या सोवळ्यातही मुलींना खेळाची गोडी लागली, ती लागलीच.

आयोवातल्या शेतकऱ्यांच्या लेकी

केटलिन ज्या आयोवा राज्याची, ते मक्याच्या शेतांचे राज्य. तेथे मुलींचा बास्केटबॉल सहा-सहा जणींचा असे. तिघी पुढच्या अर्ध्या भागात. गुण करायचे ते त्यांनीच. तिघी मागच्या भागात. त्यांचे काम फक्त अडवण्याचे. मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. १९२० पासून तेथे शाळकरी मुलींची राज्यस्पर्धा भरू लागली. पुढे शिक्षणक्षेत्रातल्या मोठ्या मंडळींनी मुलींच्या स्पर्धा बंद करायचे ठरवले, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या शाळा फुटून निघाल्या आणि १९२५ साली त्यांनी मुलींच्या खेळांसाठी आपली वेगळी संस्था काढली.

आपल्याकडे गावजत्रेच्या कुस्त्यांना जशी पंचक्रोशी लोटते, तशी तेथे या सामन्यांना लोटे. १९६८ चा अखेरचा सामना त्या मुलखात दंतकथेसारखा झाला आहे. युनियन आणि व्हिटन ही दोन लहानशी गावे मिळून एक शाळा. तिच्या संघातली डेनिस लाँग ही एका सामन्यात १११ गुण करून गाजलेली. अखेरच्या सामन्यात तिने ६४ गुण केले. समोरच्या एव्हर्लीच्या जीनेट ओल्सनने ७६ केले! जादा वेळ खेळवावा लागला आणि डेनिसचा संघ ११३-१०७ असा जिंकला. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या धंदेवाईक संघाने तिला निवडले. वरिष्ठांनी ती निवड रद्द केली, हे सांगायला नकोच.

म्हणजे बायकांचा खेळ बघायला कोणी येत नाही, हे आयोवात कधीच खरे नव्हते. जेथे गावाने पोरींना मैदान दिले, तेथे गावच प्रेक्षक झाले. सहाजणींचा खेळ आयोवाने १९९३ मध्ये बंद केला आणि सगळीकडच्यासारखा पाचजणींचा खेळ घेतला. पण बघण्याची सवय राहिली. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी केटलिनचा संघ विद्यापीठाच्या फुटबॉलच्या उघड्या मैदानात खेळला, तेव्हा ५५,६४६ माणसे जमली. मुलींच्या बास्केटबॉलला एवढी गर्दी त्यापूर्वी कधीच झाली नव्हती. आजीने खेळलेला खेळ नातीला बघायला घेऊन गेलेल्या कितीतरी जणी त्या गर्दीत असतील.

कायदा आला, पण पैसा?

१९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये. त्याचा फायदा खेळांनाही झाला. १९७६ मध्ये माँट्रिअलला ऑलिंपिकमध्ये बायकांचा बास्केटबॉल प्रथमच आला. त्यातला पहिला गुण मिसिसिपीच्या एका गरीब शेतकऱ्याच्या लेकीने, लुशिया हॅरिसने, मिळवला. पण ऑलिंपिक संपल्यावर तिने खेळून पोट भरायचे कोठे? बायकांचे धंदेवाईक संघच नव्हते. १९७८ मध्ये ते निघाले आणि पैशाअभावी तीन हंगामांत मिटले. अखेर १९९७ च्या २१ जूनला पुरुषांच्या बड्या संघटनेच्या पाठबळावर महिलांची संघटना आठ संघांनिशी मैदानात उतरली.

संघटना टिकली, पण पगार बेताचे राहिले. उन्हाळ्यात घरी खेळावे आणि हिवाळ्यात पैशासाठी परदेशी जावे, असा रिवाज पडला. रशियातले क्लब मायदेशाच्या कितीतरी पट देत. डायना तोरासी या नामवंत खेळाडूला तिच्या रशियन क्लबने २०१५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत न खेळता नुसती विश्रांती घेण्याचे पैसे दिले! घरी खेळण्यापेक्षा न खेळणे फायद्याचे, असा हा हिशेब.

या रिवाजाची दुसरी बाजू २०२२ मध्ये दिसली. ब्रिटनी ग्रायनर ही सहा फूट नऊ इंचांची खेळाडू फेब्रुवारीत अशीच हिवाळी नोकरीवर निघाली असताना मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या अर्काच्या नळ्या सापडल्या. रशियन न्यायालयाने तिला नऊ वर्षांची शिक्षा ठोठावली. दोन सरकारांच्या वाटाघाटी झाल्या आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. चूक तिची होतीच. पण साऱ्या जगात नावाजलेल्या बाईला दर हिवाळ्यात एवढ्या दूर का जावे लागत होते, हा प्रश्न त्यानंतर घरोघर विचारला गेला.

प्रवासाची कथा तर विनोदी वाटावी अशी. साध्या विमानाच्या अरुंद खुर्चीत सहा-साडेसहा फुटी मुली गुडघे दुमडून बसत. २०१८ मध्ये लास वेगासचा संघ चोवीस तासांहून अधिक काळ वाटेतच रखडला. थकलेल्या मुलींनी खेळायचे नाकारले, तर सामना हरला असे धरले गेले. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मालकांनी आपल्या खेळाडूंसाठी खास विमाने ठरवली, तेव्हा इतर संघांवर अन्याय झाला म्हणून त्यांना पाच लाख डॉलरांचा दंड! आणि २०२४ मध्ये केटलिनच्या आगमनाने तिकिटे भराभर खपू लागल्यावर त्याच संघटनेने सर्वांसाठी खास विमाने ठरवली. खर्च दोन वर्षांत पाच कोटी डॉलर.

एक गोष्ट मात्र या खेळाडूंनी भांडून मिळवली, आणि तिचे मोल कोणत्याही नोकरदार बाईला सांगायला नको. २०२० च्या करारापासून बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळू लागला. त्यापूर्वी निम्माच मिळे.

हिशेबाची वही

आता संघटनेचीही बाजू ऐकू. पुरुषांची संघटना पन्नास वर्षांनी वडील. तिचे सामने अधिक, उत्पन्न अफाट. २०१८ साली चालकांनी सांगितले होते, की महिला संघटनेत दर वर्षी सरासरी कोटभर डॉलरांची खोट येते. दुकान तोट्यात असताना पगार कोठून वाढवणार, हे म्हणणे रास्तच आहे.

पण पुढची पाने उलटा. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या महिला संघाच्या परवान्यासाठी पाच कोटी डॉलर भरले गेले. २०२५ मध्ये तो संघ उतरला आणि घरच्या प्रत्येक सामन्याला १८,०६४ खुर्च्या भरल्या. त्याच जूनमध्ये आणखी तीन शहरांना संघ द्यायचे ठरले, तेव्हा प्रत्येकी किंमत होती पंचवीस कोटी डॉलर! २०२४ मध्ये प्रक्षेपणाच्या हक्कांचा अकरा वर्षांचा करार झाला, तो सुमारे दोनशे वीस कोटींचा. तोट्याच्या दुकानाची पागडी दोन वर्षांत पाचपट होत असेल, तर तो तोटा तरी कसला?

म्हणूनच १९ जुलै २०२५ रोजी इंडियानापोलिसला निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्यापूर्वी सगळ्याजणी एकाच मजकुराचे सदरे घालून सरावाला उतरल्या. मजकूर असा : आमचे जे देणे लागता, ते द्या. केटलिनही त्यांत होती. पुरुष खेळाडूंना उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा मिळतो. त्यांच्याइतका आकडा नको, पण वाटा त्याच न्यायाने हवा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्या वर्षी त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या पगाराची मर्यादा अडीच लाख डॉलरांच्याही आत होती.

आपल्याकडच्या मुलींचे काय? केरळच्या गीतू अॅना जोस हिला २०११ मध्ये अमेरिकेतल्या तीन महिला संघांनी चाचणीसाठी बोलावले होते. निवड झाली नाही, पण असे बोलावणे आलेली ती पहिली भारतीय. तिचा चरितार्थ चालवला तो रेल्वेच्या नोकरीने, आणि आपल्या कितीतरी खेळाडूंना आजवर रेल्वेनेच आधार दिला आहे. २०१७ मध्ये बंगळुरात भारताच्या मुलींनी आशिया चषकाच्या ब गटाच्या अखेरच्या सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. पुण्याच्या शिरीन लिमये हिने तर भारतीय संघाचे कर्णधारपदही भूषवले. तिचे नाव आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? क्रिकेटच्या बाराव्या गड्याची जन्मतारीख सांगणारे चिरंजीव मात्र घरोघर सापडतील!

दोष चिरंजिवांचा नाही. आयोवाने शिकवलेली गोष्ट साधी आहे. माणसे बघायला येत नाहीत म्हणून खेळ मागे राहतो, असे आपण समजतो. खरे पाहता कोणी तरी आधी मैदान द्यावे लागते, दार उघडावे लागते, पोरीला बोट धरून न्यावे लागते. मग बघणारे येतात. पैसा त्यांच्या मागोमाग येतो. आणि तो आला, की त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न उरतो.

यंदा भाऊबीजेला ओवाळणी घालताना तबकात नोट टाकून झाल्यावर शाळेत चेंडू खेळणाऱ्या बहिणीला तिचा पुढचा सामना कधी आहे, एवढे विचारा आणि तो बघायला जा. आणि घरात मिळवती सून असेल, तर पहिल्या तारखेला तिच्या हातातल्या पाकिटाला 'पगार' म्हणा. एवढ्याने फार मोठी सुरुवात होईल.