पूर्णविराम कुठे नको

क्लाउड सॉफ्टवेअरमधला बिघाड निस्तरायची पानं कुणी सवडीने वाचत नाही. सर्व्हर बंद पडलेला असतो, वरून फोनवर फोन येत असतात आणि माणूस पानावरची ओळ उचलून थेट टर्मिनलमध्ये टाकतो. म्हणून अशी पानं तपासायला घेतली की मी आधी विरामचिन्हं बघते, भाषा नंतर.

ओपनस्टॅकचंच घ्या. रॅकस्पेस आणि नासा यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा क्लाउड सॉफ्टवेअरचा मुक्त प्रकल्प. त्याची कागदपत्रंही कोडसारखीच, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये असतात, आणि दुरुस्ती कुणालाही पाठवता येते. साध्या मजकुरावरून वेबपानं तयार करतं ते स्फिंक्स. ते करताना स्फिंक्स मजकूर देखणाही करतं: सरळ अवतरणचिन्हांना बाक देतं, लागोपाठच्या दोन हायफनची एक लांब रेघ करतं. लेखात हे शोभतं. पण सगळ्या प्रोजेक्ट्समधले सर्व्हर दाखवणाऱ्या कमांडमध्ये 'ऑल-प्रोजेक्ट्स'च्या आधी दोन हायफनच लागतात. तिथे रेघ आली की कमांड चालत नाही, आणि घाईत असलेल्या माणसाला दोन्हींतला फरक दिसतही नाही. बाकदार अवतरणचिन्हांचंही तेच. टर्मिनलमधली कमांड वाचणारा शेल त्यांना अवतरणचिन्हं मानतच नाही. इलाज अगदी छोटा आहे. कमांडच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बॅकटिक दिले, की स्फिंक्स आतल्या मजकुराला हात लावत नाही.

वाक्याच्या शेवटी लॉग फाइलचा पत्ता आला, तर त्याला चिकटलेला पूर्णविरामही पत्त्याबरोबर कॉपी होतो. मग 'अशी फाइल नाही' असं उत्तर येतं आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो. अशा ठिकाणी मी पूर्णविराम काढून वाक्य लंगडं ठेवत नाही. पत्ता वेगळ्या ओळीवर घेते.

सगळ्यात जपून बघायचा तो स्वल्पविराम. इंग्रजीत 'एरर अवस्थेतले व्हॉल्यूम काढून टाका' अशी सूचना लिहिताना 'व्हॉल्यूम्स'नंतर स्वल्पविराम पडला, तर 'सगळेच काढा, ते एररमध्ये आहेत' असा अर्थ निघतो. व्हॉल्यूममध्ये साठवलेला डेटा कुणाचा तरी असतो. व्याकरणाच्या अंदाजाने हे ठरवता येत नाही. ती कमांड नेमकं काय करते ते आधी समजून घ्यावं लागतं.

एकेका चिन्हासाठी वेगळा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा प्रस्ताव, पाठवणं मला पटत नाही. प्रत्येक पॅचवर आपोआप होणाऱ्या चाचण्या पुन्हा चालतात आणि तपासणाऱ्या जाणत्या लोकांचा वेळ जातो. एका पानाच्या दुरुस्त्या एकत्र पाठवाव्यात, आणि कशासाठी केल्या ते कमिट मेसेजमध्ये नीट सांगावं. गिट बदललेली ओळ एकदा लाल आणि एकदा हिरवी, पूर्णच्या पूर्ण दाखवतं. त्यात एक टिंब सापडणं कठीण. शब्दागणिक फरक दाखवणारा पर्याय लावून मी स्वतःचा पॅच आधी वाचते.

एका गोष्टीला मात्र मी हात लावत नाही: एरर मेसेज. 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड' हा संदेश सॉफ्टवेअर जसा दाखवतं, तसाच पानावर हवा, त्यातलं विरामचिन्ह कितीही खटकलं तरी. अडचणीतला माणूस तीच ओळ जशीच्या तशी शोधत येतो. संदेशच सुधारायचा असेल, तर दुरुस्ती कोडमध्ये पाठवावी.