कोनाचा रे तू, एक्स्टेंशन?

ब्राउझरमध्ये टूल्सची गर्दी करायला दोन क्लिक पुरतात. पण त्यातलं आपलं कोण आणि उपरं कोण, हे ओळखायचं कसं? वेब डेव्हलपर मंडळींसाठी बुलढाण्याच्या पारावरचा एक अस्सल फंडा...

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. नवखा पोरगा एसटीतून उतरला की पारावरच्या आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला, 'कोनाचा रे तू?' नाव, डिग्री, पॅकेज वगैरे सगळं नंतर. कोणाच्या घरचा, कशासाठी आला आणि किती दिवस राहणार, एवढं कळलं की मगच चहाचं आधण. यात उद्धटपणा नाही, ही गावाची सिक्युरिटी सिस्टीम आहे. आणि जाम जुनी आहे.

आता याच जिल्ह्यातले पोरंपोरी बघा. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून इंजिनीअर होऊन पुण्या-मुंबईची बस पकडणाऱ्यांची रांग काही थांबलेली नाही. कुणी हिंजवडीत कोडिंग करतंय, तर कुणी चिखली-मलकापुरात घरी बसून गावाकडच्या दुकानांच्या वेबसाइट बनवतंय. स्मार्ट, मेहनती मंडळी. पण यांच्या ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात नजर टाका. पंधरा-वीस आयकॉन दाटीवाटीने बसलेले! हा रंग ओळखतो, हा फॉन्ट सांगतो, हा स्क्रीनशॉट काढतो... आणि यातल्या एकालाही आपण 'कोनाचा रे तू?' असं विचारलेलं नसतं.

लोणारचं होमस्टे आणि तुम्ही

समजा, लोणारमधल्या एका काकांनी तुम्हाला काम दिलंय. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो झळकले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पर्यटक येतायत, म्हणून काकांना आपल्या होमस्टेची मराठी वेबसाइट हवीय. खोल्यांचे फोटो, नकाशा आणि बुकिंगचा फॉर्म. बजेट बेताचं, विश्वास मात्र पूर्ण. त्यांनी होस्टिंगचा पासवर्ड तुम्हाला फोनवरच सांगून टाकलाय!

बुकिंग सुरू झालं की त्या साइटच्या अॅडमिन पॅनलमध्ये पाहुण्यांची नावं, मोबाइल नंबर आणि कदाचित ओळखपत्रांचे फोटोही येणार. आणि ते पॅनल तुम्ही कोणत्या ब्राउझरमध्ये उघडणार? त्याच पंधरा-वीस आयकॉनवाल्या!

इथेच खरी गोम आहे. बरीचशी एक्स्टेंशन्स टाकताना एक ओळ दिसते, 'रीड अँड चेंज ऑल युअर डेटा ऑन ऑल वेबसाइट्स'. म्हणजे सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी. आपण ती घाईत ओके करतो. पण तिचा अर्थ शब्दशः घ्या. तुमचं जीमेल, बँकेचं पान, ऑफिसचं पोर्टल आणि काकांचं पॅनल, हे सगळं त्या छोट्या आयकॉनला दिसू शकतं. रंग ओळखणाऱ्या टूलला बँकेचं पान कशाला दिसायला हवं, बरं?

आधी घरातलं सामान बघा

टेन्शन घेऊ नका. पहिली गुड न्यूज अशी, की यातली निम्मी एक्स्टेंशन्स आता लागतच नाहीत. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी 'फायरबग' आलं, तेव्हा डेव्हलपर लोक अक्षरशः खूश झाले होते. पानाचा कोड तिथल्या तिथे उघडून बदलता येतो, ही तेव्हा जादू होती. पुढे ती जादू ब्राउझरनेच शिकून घेतली आणि २०१७ मध्ये फायरबगने रीतसर निरोप घेतला.

आज क्रोममध्ये एफ-१२ दाबा. मोबाइलवर पान कसं दिसेल ते दाखवणारा डिव्हाइस मोड तिथे आहे. मुद्दाम नेट स्लो करून बघायची सोय आहे. मेहकरहून लोणारकडे येताना रेंज गेली तर काकांचे दहा एमबीचे फोटो कसे रखडतील, ते इथेच कळतं. स्पीड आणि अॅक्सेसिबिलिटीचं प्रगतिपुस्तक देणारं 'लाइटहाउस' आहे, रंग उचलायचा ड्रॉपर आहे. फायरफॉक्स तर जेसन फाइलही नीट मांडून दाखवतो. मराठी मजकुरात वेलांटी किंवा रफार वरच्या ओळीत घुसत असेल, तर ओळींमधलं अंतर इथेच बदलून बघता येतं. कुठलंही एक्स्टेंशन नको!

मग काय ठेवायचं?

थोडंच, पण कामाचं. रिअॅक्टमध्ये काम करत असाल तर 'रिअॅक्ट डेव्हलपर टूल्स' हवंच. ते रिअॅक्ट बनवणाऱ्यांकडूनच येतं, म्हणजे घराणं माहितीचं. व्ह्यूवाल्यांसाठी 'व्ह्यू डेव्हटूल्स'ची तीच गोष्ट. साइट अंध किंवा कमी दिसणाऱ्या लोकांना वापरता येईल का, हे तपासायला डेक कंपनीचं 'अॅक्स डेव्हटूल्स' किंवा वेबएम संस्थेचं 'वेव्ह' झकास आहे. फोटोला वर्णन नाही, फॉर्मच्या रकान्याला नाव नाही, अक्षरांचा रंग फारच फिका आहे, अशा चुका ही टूल्स बोट ठेवून दाखवतात. 'वेव्ह'चा आणखी एक प्लस पॉइंट म्हणजे तपासणी तुमच्या ब्राउझरमध्येच होते. पान कुठल्या सर्व्हरकडे पाठवावं लागत नाही, त्यामुळे अजून लाइव्ह न केलेली साइटही बिनधास्त तपासा.

चांगल्या घरातही चोर शिरतो

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, 'मी तर फेमस टूल्सच वापरतो, मला काय धोका?' थांबा. पुढचे किस्से फेमस टूल्सचेच आहेत.

ख्रिस पेडरिक यांचं 'वेब डेव्हलपर' हे एक्स्टेंशन म्हणजे आपल्या धंद्यातलं जुनं, सज्जन नाव. ऑगस्ट २०१७ मध्ये पेडरिक एका फसव्या ईमेलला भुलले. चोरांनी त्यांच्या गुगल अकाउंटमधून बिघडवलेली आवृत्ती चढवली आणि दहा लाखांहून जास्त लोक वापरत असलेल्या टूलमधून पानापानांत जाहिराती घुसल्या. पेडरिक यांनी काही तासांत दुरुस्त आवृत्ती दिली आणि झालं ते जाहीरपणे सांगितलं. माणूस प्रामाणिकच होता, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली होती.

दुसरा किस्सा 'द ग्रेट सस्पेंडर'चा. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं हे टूल सुमारे वीस लाख लोकांकडे होतं. जून २०२० मध्ये मूळ मालकाने ते विकलं. पुढे स्टोअरवर अशी आवृत्ती आली, जिचा कोड गिटहबवर ठेवलेलाच नव्हता. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. म्हणजे 'ओपन सोर्स आहे, मग सेफच' हाही फंडा फेल! गिटहबवर दिसतो तोच कोड स्टोअरवर असेल, याची गॅरंटी नाही.

'स्टायलिश' हे वेबसाइटचं रूप बदलणारं लाडकं टूल. ते लोकांची ब्राउझिंगची सगळी हिस्टरी मालक कंपनीकडे पाठवतंय, हे जुलै २०१८ मध्ये उघड झालं आणि फायरफॉक्स व क्रोमच्या स्टोअरमधून ते उतरवलं गेलं. आणि सगळ्यात कमाल 'सायबरहेवन'ची. ही कंपनी डेटा चोरी रोखण्याचंच काम करते. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, त्यांच्याच कर्मचाऱ्याला फसवून चोरांनी त्यांच्या एक्स्टेंशनमध्ये बिघडवलेली आवृत्ती घुसवली.

चारही किस्स्यांत एक गोष्ट कॉमन आहे. लोकांनी टूल घेतलं तेव्हा ते चांगलंच होतं. बिघडलं ते नंतर, मालक बदलल्यावर, मालकाची नियत बदलल्यावर किंवा किल्ली चोरीला गेल्यावर. आणि एक्स्टेंशन आपोआप अपडेट होतं, त्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून 'कोनाचा रे तू?' हा प्रश्न इन्स्टॉल करताना एकदाच विचारून भागत नाही. तो अधूनमधून पुन्हा विचारावा लागतो.

पारावरचे पाच प्रश्न

१. कोणाचं? बनवणाऱ्याचं नाव, वेबसाइट, संपर्क दिसतोय का? नाव नीट वाचा. 'यूब्लॉक' आणि 'यूब्लॉक ओरिजिन' ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. २०१७ मध्ये 'अॅडब्लॉक प्लस'च्या नावाने क्रोमच्या स्टोअरवर चक्क तोतया बसला होता आणि हजारो लोकांनी तो घेतलाही. म्हणून सर्च करण्याऐवजी मूळ प्रोजेक्टच्या साइटवरच्या लिंकने जा.

२. काय मागतंय? काम छोटं आणि परवानगी सगळ्या वेबसाइटची, असं असेल तर लांबूनच नमस्कार.

३. पोट कशावर भरतं? कंपनीचा पगार, देणग्या, पेड व्हर्जन, काहीतरी उत्तर हवं. उत्तरच सापडत नसेल, तर तुमची हिस्टरीच विकली जात असेल अशी शंका घ्या.

४. सध्या कोण सांभाळतंय? शेवटचं अपडेट कधीचं? अलीकडचे रिव्ह्यू काय म्हणतात? पाच स्टार बघून भुलू नका, ताज्या एक-स्टारवाल्या तक्रारी आधी वाचा.

५. नसेल तर अडेल का? उत्तर 'नाही' असेल, तर विषय संपला.

क्रोमचा 'फीचर्ड' बॅज आणि फायरफॉक्सचं 'रेकमेंडेड' हे लेबल उपयोगाचं आहे. फायरफॉक्स तर रेकमेंडेड एक्स्टेंशन्सची सुरक्षेसाठी तपासणी करतो. पण बॅज म्हणजे ओळखीच्या माणसाची शिफारस. जन्मभराचा जामीन नव्हे.

घराला दोन दारं ठेवा

आता खरा सोपा उपाय. क्रोममध्ये दोन प्रोफाइल करा. एक कोडिंगचं, एक बँक, मेल आणि क्लायंटच्या पॅनलचं. एक्स्टेंशन्स प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असतात. टूल्स पहिल्यात, दुसऱ्यात जवळपास काहीच नाही. लोणारच्या काकांचं पॅनल दुसऱ्यातच उघडा.

पहिल्यातही मोकळं रान नको. एक्स्टेंशनच्या सेटिंगमध्ये जा आणि साइट अॅक्सेस 'ऑन क्लिक' करा. म्हणजे तुम्ही बोलावल्याशिवाय ते पान वाचणार नाही. एखादं एक्स्टेंशन अपडेटनंतर अचानक बंद पडून जास्तीची परवानगी मागायला लागलं, तर घाईने ओके करू नका. कशासाठी हवी ते आधी शोधा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारूनच टाका. ते खडूस वाटतात खरे, पण उद्या गडबड झाली तर पहिला फोन त्यांनाच जाणार आहे.

हा नुसता सावधपणाचा सल्ला नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. लोकांच्या माहितीची पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. काकांना कायद्याची कलमं ठाऊक नसतील. पण खामगावच्या चांदीच्या बाजारात असो की लोणारच्या होमस्टेत, गावाकडचं काम तोंडओळखीवर मिळतं आणि एका बभ्र्यात जातं. पाहुण्यांचे नंबर बाहेर फुटले तर लोक एक्स्टेंशनचं नाव घेणार नाहीत, साइट बनवणाऱ्याचं घेतील.

तेव्हा बॉस, आज लंच ब्रेकमध्ये दहा मिनिटं काढा. प्रत्येक आयकॉनवर राइट क्लिक करा, पाच प्रश्न विचारा आणि महिनाभरात हात न लागलेलं सरळ रिमूव्ह करा. लागलंच तर परत टाकायला अर्धा मिनिट पुरतो. पुढच्या महिन्याच्या एक तारखेचा रिमाइंडरही आत्ताच लावून ठेवा.