लाकडावरचा बेभान नाच

जर्मन एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार एमिल नोल्डेचं १९१७ चं ‘कँडल डान्सर्स’ हे वुडकट प्रिंट एकदा बघाच. पायाशी मेणबत्त्या आणि त्यांच्या ज्योतींसारख्याच वळणाऱ्या, बेभान नाचणाऱ्या बायका! वुडकटमध्ये लाकडाचा कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेल्या भागाला शाई लागते. ग्रे शेड नाही, अनडू तर नाहीच. म्हणून तर रेघा इतक्या धारदार, ओबडधोबड. गुळगुळीत रेघेत हा नाच मावलाच नसता.

आता खटकणारी गोष्ट. नोल्डे स्वतः नाझी समर्थक होता. तरी १९३७ मध्ये नाझींनी त्याची कला ‘विकृत’ ठरवली, हजाराहून जास्त कलाकृती जप्त केल्या. त्याची कीव काही येत नाही. प्रिंट मात्र झूम करून पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतंच.