चंद्रप्रवासातील अनाम हात

चंद्राशी आपले नाते घरचे आहे. लेकराला घास भरवताना आई त्याला मामा म्हणून दाखवते, संकष्टीचा उपास त्याच्या उगवण्यावर सुटतो, आणि कोजागरीच्या रात्री आटीव दुधात त्याचे प्रतिबिंब पाहून मगच आपण पेला तोंडाला लावतो. अशा या घरच्या चंद्रावर माणूस प्रत्यक्ष जाऊन आला, त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्राच्या मातीवर पडले तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९ ची सकाळ होती. साडेआठ वाजायचे होते. मुंबईच्या गिरण्यांतून पहिली पाळी केव्हाच सुरू झालेली होती.

पुढे २०२३ साली २३ ऑगस्टच्या सायंकाळी आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. दुसऱ्या दिवशी कपडे शिवण्याच्या एका कारखान्यासमोर आमची द्वारसभा होती. मी मोठ्या उत्साहाने त्या यशाचा उल्लेख केला. सभा संपल्यावर एक शिलाई कामगार बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, यान उतरलं ते चांगलंच झालं. पण ते शास्त्रज्ञांचं काम. आमच्यासारख्या सुई-दोऱ्याच्या माणसांचा त्याच्याशी काय संबंध?" मी त्यांना काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले, आणि ते मलाच पटले नाही. शाळा मी लवकर सोडली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील आणि सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांतून. तेव्हा उत्तर शोधावयाचे म्हणजे पुन्हा पुस्तकांकडेच जाणे आले. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम कल्पनेतला प्रवास पाहू. माणूस चंद्रावर जाण्यापूर्वी त्याच्या कथा शेकडो वर्षे गेल्या आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ल्युसियन या ग्रीक भाषेतील लेखकाने आपल्या नायकाचे जहाज वावटळीत सापडवून चंद्रावर पोहोचवले. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा केप्लर यानेही चंद्राच्या प्रवासाची एक स्वप्नकथा लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६३४ साली छापली गेली. या कथांतून प्रवासी जातो तो वाऱ्याने किंवा अद्भुत शक्तीने. वाहन कोणी घडवले, हा प्रश्नच उद्भवत नाही.

तो प्रश्न प्रथम नीट मांडला तो ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरीत तिघे प्रवासी तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातात. ही तोफ ९०० फूट लांबीची. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतात जमीन खोदून ती खड्ड्यातच ओतावयाची. त्यासाठी १५०० मजूर जहाजाने येतात, १२०० भट्ट्या पेटतात. येथे चंद्रप्रवास हा वाऱ्याचा खेळ राहिला नाही. तो कारखान्याचा विषय झाला. परंतु याच कादंबरीत एक ओझरता उल्लेख येतो. खोदकामात काही मजूर प्राणास मुकले, असे लेखक सांगतो, अपघातांचे प्रमाण एकंदरीत फार नव्हते असेही सांगतो, आणि कथा पुढे जाते. तिघा प्रवाशांची नावे आपल्याला पाठ होतात. त्या मजुरांना नावेच नाहीत.

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९०१ सालच्या आपल्या कादंबरीत चंद्राच्या पोटातच एक समाज वसवला. तेथील मजुराचे शरीर लहानपणापासून त्याच्या कामापुरतेच वाढवले जाते, आणि काम नसेल तेव्हा त्याला औषध देऊन निजवून ठेवतात. पुन्हा गरज लागली की उठवतात. चंद्रावर गेलेल्या शास्त्रज्ञाला प्रथम याची किळस येते. मग त्याच्या मनात येते, की कामावरून काढून उपाशी रस्त्यावर सोडण्यापेक्षा हे बरेच नव्हे काय? वेल्सचा हा टोला चंद्रवासीयांवर नसून पृथ्वीवरच्या गिरणीमालकीच्या जगावर आहे. ले-ऑफची नोटीस ज्याने हातात घेतली आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०२ साली, जॉर्ज मेलिएस याने चंद्रप्रवासाचा मूकपट काढला. चंद्राच्या डोळ्यात रुतलेला तोफगोळा हे त्यातील चित्र जगभर गाजले. त्या चित्रपटाच्या काही प्रती रंगीत होत्या. तेव्हा रंगीत फिल्म नव्हती; पॅरिसमधील एका कार्यशाळेत बायका बारीक कुंचल्याने एकेक चौकट हाताने रंगवीत, आणि प्रत्येकीकडे एकच रंग असे. अशी एक रंगीत प्रत नाहीशी झाली असे समजले जात होते. ती १९९३ साली सापडली आणि दुरुस्त होऊन २०११ साली पुन्हा पडद्यावर आली.

आता प्रत्यक्षातला प्रवास. अमेरिकेच्या अपोलो योजनेत बारा माणसे चंद्रावर चालून आली. पहिली १९६९ च्या जुलैत, शेवटची १९७२ च्या डिसेंबरात. या कामात सुमारे ४ लाख माणसे गुंतली होती, असा हिशेब नासा ही संस्थाच देते. त्यांपैकी दोन खात्यांचेच काम येथे सांगतो.

यानाला वाट दाखवणारे गणकयंत्र तेव्हाच्या मानाने फार लहान होते. त्याला द्यावयाच्या सूचना कायमच्या साठवून ठेवल्या होत्या त्या तांब्याच्या तारांत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्टहॅम या गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात हे काम चाले. गणकयंत्राची सारी भाषा एक आणि शून्य या दोन अंकांची. चुंबकीय धातूची बारीक कडी ओळीने मांडलेली असत. तार कड्यातून ओवली म्हणजे एक. कड्याच्या बाहेरून नेली म्हणजे शून्य. समोरासमोर बसलेल्या दोन बायका तार भरलेली सुई एकमेकींकडे सारीत, आणि पुढचे छिद्र कोणते ते यंत्र दाखवी. असे ५ लाख ९० हजारांच्या आसपास एक-शून्य प्रत्येक गणकयंत्रासाठी विणावे लागत. विणायला कित्येक आठवडे लागत, आणि एकदा विणले की चूक दुरुस्त करणे फार जिकिरीचे. हे वॉल्टहॅम गाव मुळात कापडगिरणीचे आणि घड्याळांच्या कारखान्याचे. तेथल्या बायकांच्या बोटांत जे कसब पिढ्यांपासून होते, तेच यानाच्या उपयोगी पडले. इंजिनिअर मंडळी थट्टेने या साठवणीला म्हाताऱ्या बायांची स्मृती म्हणत. थट्टाच ती, पण काम कोणाचे होते, याची कबुलीही तिच्यात आहे.

दुसरे काम अंतराळपोशाखाचे. चंद्रावर हवा नाही. उन्हात उष्णता पाणी उकळण्यापलीकडे जाते आणि सावलीत हाडे गोठवणारी थंडी असते. पोशाखाला भोक पडले तर आतल्या माणसाच्या जिवावर बेतणार. हा पोशाख शिवण्याचे कंत्राट १९६५ साली डेलावेअर राज्यातील ज्या कंपनीने चढाओढीत मिळवले, तिचा नेहमीचा माल म्हणजे बायकांची अंतर्वस्त्रे. रबर आणि कापड यांचा मेळ घालण्याचे तिच्या कारागीर बायकांचे कसब इतरांकडे नव्हते. एकावर एक २१ थर, आणि तेही साध्या शिलाई यंत्रावर. टाचण्यांची मोजदाद ठेवली जाई, आणि एखादी टाचणी थरात राहिली आहे काय हे पाहण्यासाठी क्ष-किरणांनी पोशाख तपासला जाई. आर्मस्ट्राँग यांचा जीव त्या दिवशी अक्षरशः या बायकांच्या टाक्यावर तोलला होता.

पण हातांचा हिशेब मांडावयाचा तर कौतुकावरच थांबता येणार नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या एका चाचणीत अपोलो यानाला आतून आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आत शुद्ध प्राणवायू बाहेरच्या हवेपेक्षा अधिक दाबाने भरलेला होता. पेट घेणारे सामान भोवती होते. आणि दार आतल्या बाजूस उघडणारे असल्याने आतला दाब वाढताच ते उघडणे अशक्य झाले. अग्निबाणात इंधन भरलेले नव्हते, म्हणून ही चाचणी धोक्याची मानलीच नव्हती. पुढे दार बाहेर उघडणारे केले, जळणारे कापड बदलले, उड्डाणापूर्वी आत भरावयाच्या प्राणवायूत नायट्रोजन मिसळला. जवळजवळ एकवीस महिने कोणाही माणसाला घेऊन अपोलो यान उडाले नाही. सुरक्षेचा नियम माणूस मेल्यावर लिहिला जातो, हा कारखान्यातला अनुभव तेथेही चुकला नाही. फरक इतकाच, की मेलेली माणसे प्रसिद्ध असल्याने काम थांबले आणि चौकशी झाली.

आणि याहून काळे पान मागे आहे. चंद्राकडे झेपावणारा प्रचंड अग्निबाण ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला त्या व्हेर्नर फॉन ब्राउन यांनी पूर्वी हिटलरच्या जर्मनीसाठी व्ही-२ हा अग्निबाण तयार केला होता. डोंगराच्या बोगद्यातील ज्या कारखान्यात तो निघे, तेथे डोरा छावणीतील कैद्यांना राबवले जाई. त्या छावणीच्या जाळ्यातून सुमारे ६० हजार कैदी गेले आणि त्यांपैकी २० हजारांच्या आसपास भूक, मार आणि कष्ट यांनी मेले. व्ही-२ चे हल्ले झाले त्यांत इतकी माणसे मेली नाहीत, जितकी तो बनवताना मेली. त्या कारखान्यातील उत्पादनाचे प्रमुख आर्थर रुडॉल्फ पुढे अमेरिकेत चंद्राच्या अग्निबाणाच्या योजनेचे व्यवस्थापक झाले. जुने प्रकरण उघडे पडल्यावर १९८४ साली त्यांना अमेरिका सोडावी लागली.

मग चंद्र हा गरिबाच्या पोटावर पाय देऊन केलेला थाट आहे काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनाथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन उड्डाणतळावर आले. सुमारे २५ अब्ज डॉलर या योजनेवर खर्ची पडत होते, आणि त्याच देशात मुले उपाशी होती. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना भेटावयास बाहेर आले. उद्या कळ न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर आम्ही ती दाबणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले. अ‍ॅबरनाथींनीही अंतराळवीरांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना करण्याचे मान्य केले. मला दोघांचेही पटते. चंद्र सोडून द्यावा असे मी म्हणणार नाही. पण ४ लाख हात एका कामाला लावता येतात, एकेक टाचणी मोजता येते, एका मुदतीत काम पुरे करता येते, हे ज्या समाजाने दाखवून दिले, त्याला घरे, पाणी आणि कामगाराची सुरक्षा या बाबतीत जमणार नाही असे म्हणण्याची सोय उरत नाही.

काही महिन्यांनी त्याच कारखान्यासमोर पुन्हा सभा झाली. मी त्या बाईंना शोधून काढले आणि डेलावेअरच्या शिलाई बायकांची हकीकत सांगितली. आपल्या चांद्रयानाच्या अग्निबाणाची इंजिने मुंबईच्याच विक्रोळीत कामगारांच्या हातून घडली, हेही सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकले. हातातली पिशवी सावरीत म्हणाल्या, "म्हणजे संबंध आहे म्हणायचा. मग भाऊ, शाळेत आमच्या पोरांना त्या बायकांची गोष्ट का शिकवत नाहीत?"

हा विषय या व्याख्यानमालेसाठी मी निवडला तो त्या प्रश्नामुळे.