विश्लेषण : लष्करात धर्मगुरू कशासाठी? गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर वाद का झाला?

रेजिमेंटच्या मंदिरात जवानांबरोबर थेट गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या ख्रिस्ती अधिकाऱ्याची २०२१ मधील बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कायम ठेवली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. त्यानिमित्ताने लष्करातील धर्माचे स्थान चर्चेत आले.

धर्मगुरू कोण असतात?

पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू यांची लष्कर रीतसर भरती करते. उमेदवार पदवीधर असावा लागतो, शिवाय धर्मकार्याची ठरावीक पात्रताही हवी. त्यांना नायब सुभेदार हा हुद्दा मिळतो. त्यांचे प्रशिक्षण पुण्यातील ‘इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन’मध्ये होते.

त्यांचे काम काय?

धार्मिक विधी हा कामाचा एक भाग. अंत्यसंस्काराला हजर राहणे, रुग्णालयातील जवानांना धीर देणे, शिक्षा भोगणाऱ्यांना भेटणे आणि जवानांच्या मुलांना धर्मशिक्षण देणे हीदेखील त्यांची जबाबदारी असते.

‘सर्वधर्म स्थळ’ म्हणजे काय?

विविध धर्मांचे जवान असलेल्या तुकड्यांत एकाच छताखाली सर्व धर्मांची प्रतीके ठेवली जातात. काही रेजिमेंटमध्ये मात्र जवानांच्या धर्मानुसार मंदिर वा गुरुद्वारा असतो. अधिकारी कोणत्याही धर्माचा असला, तरी त्याने जवानांच्या प्रार्थनेत सहभागी व्हावे, ही लष्कराची जुनी परंपरा आहे.

वाद कशावरून?

या अधिकाऱ्याच्या हाताखाली शीख जवान होते. रेजिमेंटमध्ये फक्त मंदिर आणि गुरुद्वारा आहे, सर्वधर्म स्थळ नाही, असे त्याचे म्हणणे होते. जवानांबरोबर तो तिथे जात असे. सूट मागितली ती केवळ गाभाऱ्यातील प्रवेशातून. अधिकारी असा वेगळा राहिला तर तुकडीची एकजूट ढिली पडते, अशी लष्कराची भूमिका होती.

न्यायालय काय म्हणाले?

हा धर्मस्वातंत्र्याचा नव्हे, वरिष्ठांचा कायदेशीर आदेश पाळण्याचा प्रश्न असल्याचे उच्च न्यायालयाने म्हटले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते.

पुढे काय?

जवानाची श्रद्धा जपण्यासाठी धर्मगुरू आहे. त्याच जवानाचे नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रार्थनेला हजर राहणे आणि स्वतः पूजा करणे यांत फरक करावा की नाही, हा या प्रकरणाचा गाभा होता. आदेश आणि श्रद्धा समोरासमोर आल्यास वर्दीत आदेशच वरचढ, हे या निकालाने स्पष्ट केले. मिश्र तुकड्यांतील सर्वधर्म स्थळांचे महत्त्व त्यामुळे अधिकच जाणवते. तिथे अशी निवड करण्याची वेळ सहसा येत नाही.